दात माझे आहेत

सह्याद्रीतल्या एका देवराईत वानरांची एक टोळी राहत असे. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथं कुऱ्हाड चालत नाही. राईच्या मधोमध देवाचा उंबर होता आणि त्याचा एक जुना नियम होता. जो या झाडाचं फळ तोडील, त्याचं शेपूट तोडावं. हा नियम देवाच्या तोंडून कोणी ऐकला होता, मुलांनो? कोणीच नाही. थोरल्यांनी तो आपल्या थोरल्यांकडून ऐकला, आणि त्यांनी त्यांच्या थोरल्यांकडून. दर पौर्णिमेला मात्र हेच थोरले उंबरावर चढून पोटभर प्रसाद खात. त्यांनी फळ काढलं की ते ‘उतरवणं’, दुसऱ्या कोणी काढलं की ‘तोडणं’.

एका उन्हाळ्यात झरे आटले, कोवळा पाला संपला. एका तरण्या वानरीचं दूध आटलं. पिल्लू कोरडंच चोखायचं आणि रडायचं. शेवटी तिने भरदुपारी, सगळ्यांच्या देखत, देवाच्या झाडाची चार उंबरं तोडली आणि खाल्ली.

टोळी जमली. म्होरक्या, म्हणजे टोळीतला सगळ्यांत म्हातारा वानर, वरच्या फांदीवर बसला. वानरीने काही लपवलं नाही. पोराला दूध नव्हतं म्हणून तोडली, एवढंच म्हणाली. शेपूट गेलं की वानराच्या उडीचा तोल जातो, हे तिथं प्रत्येकाला ठाऊक होतं. राई दरीच्या काठावर. एक उडी चुकली की संपलं, आणि हिच्या तर पोटाला पिल्लू चिकटलेलं. तरी सगळे म्होरक्याकडेच बघू लागले. म्हाताऱ्यांना उत्तर सुचलं नाही की परंपरा सुचते. म्होरक्यालाही तीच सुचली. नियम आपण केलेला नाही, आपण फक्त पाळायचा, वाईट आपल्यालाही वाटतं, वगैरे वगैरे. मग त्याने शेकराला हाक मारली. शेकरू म्हणजे झाडावर राहणारी मोठी तांबूस खार. दात असे की कठीण कवचही फोडतील. शेपटं कुरतडायचं काम पिढ्यानपिढ्या शेकराच्या घराण्याकडे होतं. थोरल्यांचे हात स्वच्छ राहायचे ते असे.

“चल, उतरव तिचं शेपूट,” म्होरक्या म्हणाला. इथं बरोबर त्याला ‘उतरवणं’ आठवलं.

वानरीने डोळे मिटले आणि पिल्लाला घट्ट धरलं. शेकराने तिचं शेपूट उचललं, थोडा वेळ पाहिलं आणि परत फांदीवर ठेवलं.

“मी नाही कुरतडणार.”

“नियम आहे तो.”

“नियम तुमचा असेल, आजोबा. दात माझे आहेत.”

थोरले खवळले. देव कोपेल, राई वाळेल, घराण्याचं नाव बुडवलंस, सगळं बोलून झालं. शेकराने ऐकून घेतलं. मग म्हणालं, “माझ्या घरट्यात कुरतडलेल्या शेपटांचे मऊ केस अंथरलेत. त्यांच्यावरच माझा जन्म झाला. ते कोणाकोणाचे, हे आईने सांगितलंय मला. त्यात तुमच्या धाकट्या भावाचेही आहेत. शेपूट गेल्यावर आठ दिवसांनी तो दरीत पडला. नियमात शेपूट होतं, आजोबा. जीव नव्हता.”

म्होरक्याने टोळीकडे तोंड फिरवलं. दुसरं कोणी पुढे येतंय का, असं टोळीला विचारलं, तर सगळ्यांना एकाएकी एकमेकांच्या अंगावरच्या उवा दिसू लागल्या. वानरीचं शेपूट राहिलं.

पावसाळा सरला. पौर्णिमेच्या सकाळी म्होरक्या प्रसाद उतरवायला उंबरावर चढला. फांदी दवाने ओली, हात म्हातारे. तो निसटला. खालच्या फांदीवर ती वानरी बसली होती आणि तिचं शेपूट लोंबत होतं. पडता पडता म्हाताऱ्याच्या हाती तेच लागलं. ती कळवळली, पण दोन्ही हातांनी धरलेली फांदी तिने सोडली नाही. म्हातारा त्या शेपटाला धरून वर आला आणि बराच वेळ धापा टाकत राहिला.

“पोरी,” म्हणत त्याने हात जोडले.

“माझे कशाला आभार मानता?” ती म्हणाली. “ज्याने हे ठेवलं, त्याचे माना. मी तर रोज मानते.”

म्होरक्या चार उंबरं घेऊन शेकराच्या झाडाखाली आला. ती खाली ठेवली आणि मान वर करून उभा राहिला. शेकराने फांदीवरून वाकून विचारलं, “उतरवलीत का, आजोबा?”

“नाही रे,” म्हातारा म्हणाला. “तोडली.”

तेव्हापासून त्या राईत लेकुरवाळ्या वानरी देवाच्या उंबरावर आधी चढतात, आणि पहिलं फळ शेकराच्या झाडाखाली ठेवतात.

तात्पर्य : नियम जुना आहे, देवाच्या नावाचा आहे, एवढ्याने क्रूर शिक्षा न्याय ठरत नाही. ती द्यायला कोणी तुमचे दात मागितले, तर ‘नाही’ म्हणा. आणि तुमच्यासाठी कोणी तसं ‘नाही’ म्हटलं असेल, तर त्याला विसरू नका.