बंद गाडीतलं पेट्रोल

“पण इंजिन बंद होतं, वस्ताद. चावी माझ्या खिशात होती. मग पेट्रोल उडालं कसं?”

मिरजेच्या आपल्या गॅरेजात मैनुद्दीन वस्ताद हात पुसत होते.

विचारणारा बसवराज त्यांचा जुना शागीर्द. हात चलाख, आणि डोक्यात हवा त्याहून जास्त. पेट्रोलच्या पाइपला हात लावण्याआधी वस्ताद टाकीतलं पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाचा फ्यूज काढून बंद गाडी पुन्हा सुरू करायचे. बसवराज पाठीमागे हसायचा. स्वतःचं गॅरेज टाकलं तेव्हा म्हाताऱ्याची ही खोड त्याने आधी सोडली.

मग एक दिवस धाकट्या भावाला म्हणाला, मल्लू, फिल्टरचा पाइप सोड. पाइपात दाबून बसलेलं पेट्रोल फवाऱ्यासारखं उडालं आणि शेजारी टांगलेल्या पेटत्या बल्बवर पडून भडका उडाला. मल्लूच्या उजव्या हाताची मूठ आता मिटत नाही.

“मल्लू काय म्हणतो?” वस्तादांनी विचारलं.

“काय नाही. बोलायला तोंड उघडतो, अन् मलाच रडू फुटतं. मग तोच गप होतो. माझ्या पाठीवरनं हात फिरवतो... डावा.”

वस्ताद खाली बघू लागले.

“फ्यूज का काढतो, ते मी तुला कधी सांगितलं नाही.”

“मी तरी कुठं विचारलं?”

“तरी सांगायला पाहिजे होतं, बसू...”

म्हाताऱ्याच्या मनाला फार लागलं होतं. वस्तादांनी बाहेर येऊन उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या पंपाचा फ्यूज उपसला.

“कर चालू.”

इंजिन सुरू झालं. जरा वेळाने अडखळलं, थरथरलं. बसवराजला ते बघवेना. त्याचा हात चावीकडे गेला. वस्तादांनी मनगट धरलं.

“राहू दे.”

पाइपात उरलेलं पेट्रोल संपवून, आचके देत देत इंजिन आपसूक बंद पडलं. वस्तादांनी पुन्हा चावी फिरवायला लावली. इंजिन सुरू झालं नाही. मग बॅटरीची वायर काढून, जोडावर फडकं गुंडाळून त्यांनी पाइप हळूच सैल केला. फडकं जेमतेम ओलं झालं.

एवढंच करायचं होतं.

“आता घरी जा,” वस्ताद म्हणाले. “मल्लूसमोर बस... आणि आज तू रडू नकोस.”