वेळकोंडचा बिनकामाचा बुरूज

१४ डिसेंबर २०२४, शनिवार. मार्गशीर्ष पौर्णिमा. आकाश निरभ्र, उत्तरेचा गार वारा, समुद्र थोडा खवळलेला.

वेळकोंडच्या टोकावर जांभ्या दगडाचा एक गोल बुरूज आहे. उंची दोन पुरुष. त्याला दार नाही, जिना नाही, छप्पर नाही. तोफ ठेवावी एवढी जागाही नाही. प्रत्येक दगडावर मात्र एक खूण कोरलेली आहे: कुठे वल्हे, कुठे कोयता, कुठे नुसत्या तीन रेघा. आज सकाळी इथे गावच्या भागीकाकी भाटकर, वय अठ्ठ्याहत्तर, बाहेरून आलेल्या आम्हा पाचसहा जणांना त्याची हकिकत सांगत होत्या.

फार पूर्वी या किनाऱ्यावर लागोपाठ तीन वर्षे भात पिकले नाही, असे सांगतात. गलबतांच्या व्यापारात नवरा गमावलेली आवडाबाई नावाची एक बाई गावात होती. तिच्या कोठारात तांदूळ होता. तिने कोठार उघडले, पण कोणी आत येईना.

"फुकटचा खाल्ला तर उद्या तुझ्यासमोर मान वर कशी करूची?" लोक म्हणाले. "काम दी."

गावाला धक्का हवा होता, वखारही हवी होती. आवडाबाईने दोन्हींना नकार दिला. "धक्को बांधलात तर उद्या खोत जकात घेतलो. वखार बांधलात तर कुलूप घालतलो. कोणाच्याच उपेगाचा नाय असा कायतरी बांधा."

म्हणून हा बुरूज. एक दगड बसवला की शेरभर तांदूळ. कोणाचा दगड कोणता यावरून भांडण नको, म्हणून प्रत्येक घराने आपली खूण कोरली. एका आंधळ्या म्हातारीने आपला दगड ढकलत आणला, त्याला चार दिवस लागले म्हणे. हात लावू पाहणाऱ्याला ती काठी दाखवायची.

खोताला हे सहन झाले नाही. एरवी अशा वर्षी लोक त्याच्या दारात हात जोडून उभे राहत. या वेळी कोणी फिरकले नाही. त्याने हुकूम काढला: ज्यांनी बांधला त्यांनीच वेठीने पाडावा.

लोकांनी पाडला. एकही दगड फुटू न देता, वरून खाली, एकेक थर उतरवत. खोताचा कारभारी ओरडला, "दगड समुद्रात टाका."

"हुकूम पाडूचो आसा, टाकूचो नाय," लोक म्हणाले, आणि आपापला दगड उचलून घरी गेले. आठ दिवसांनी खोत परगावाहून परतला तेव्हा बुरूज पुन्हा उभा होता, खूण खुणेच्या जागी.

त्याने पुन्हा पाडायला लावला. तो पुन्हा उभा राहिला. तिसऱ्या वेळी खोत स्वतः खुर्ची टाकून बसला आणि दुपारी त्याच्या लक्षात आले. वेठीला आलेल्या माणसाला दुपारची पेज देण्याची रीत होती. सगळे गाव त्याच्यासमोर रांगेत बसून त्याचीच पेज पीत होते. बांधताना आवडाबाईचा तांदूळ, पाडताना खोताची पेज. दुष्काळात वेळकोंडचे एकही माणूस दगावले नाही, असे सांगतात. खोत खुर्चीवरून उठला आणि पुन्हा या टोकावर आला नाही.

भागीकाकी थांबल्या. सरकारी खात्याचा एक तरुण ओव्हरसियर नोटीस घेऊन चढ चढत येत होता. बांधकाम धोकादायक, निरुपयोगी, पाडण्यास योग्य, असे त्यात होते. काहीच नाही तर सांध्यांत सिमेंट तरी भरा, असे तो आपणहून म्हणाला.

"आमच्या बापाशीन भरल्यान होता," काकी म्हणाल्या. "खारो वारो आत अडकलो आणि तीन दगडांच्या कडांचा पीठ झाला. शिंपल्यांचो चुनोच बरो." मग नोटीस घडी करून त्याच्या हातात परत दिली. "ये बाबा पाडूक. पण त्या दिवशी सगळ्या गावाक पेज तुझी."

तो हसला, पण हातातला कागद कुठे ठेवावा ते त्याला कळेना.

आजही मार्गशीर्ष पौर्णिमेला प्रत्येक घर चुन्याचे मडके घेऊन इथे येते आणि आपल्या खुणेचा दगड शोधते. निसटलेला दगड ज्याचा त्यानेच बसवायचा, नवा आणायचा नाही. आजही पेजेचा पहिला तांदूळ खोतांच्या घरून येतो. यंदा नऊ दगड निसटले होते. नोटीस मागे घेतलेली नाही. दुपारी दोनपर्यंत नऊही दगड जागेवर बसले.