पाठ नसलेलं वाक्य

परदेशातून भाषणकला शिकवण्याचं शिक्षण घेऊन रेवती धोंगडे आपल्या गावच्या शाळेत मुलाखतीला आली. व्हरांड्यात सकाळपासून तिच्याशी कोणी चकार शब्द बोललं नव्हतं.

“बोलायला शिकवायला पदवी कशाला हो, बाई?” संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब हसले. “तोंड असलं की येतं. आमचे गुरुजी कुठे शिकायला गेले नव्हते, तरी वक्तृत्वाची ढाल दरवर्षी आमचीच!”

त्यांनी ढाल जिंकणाऱ्या कावेरीला बोलावलं. “अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग...” असं म्हणत तिने हातवाऱ्यांसकट अख्खं भाषण न अडखळता म्हटलं. टाळ्या पडल्या.

“सुरेख,” रेवती म्हणाली. “आता तुझ्या मनातलं एक वाक्य बोल.”

कावेरी गोंधळली. “ते गुरुजींनी अजून लिहून दिलं नाही.”

“तात्यासाहेब, तोंड हिला आहेच,” रेवती म्हणाली. “त्यापुढचं शिकवायला मी आलेय.”

नोकरी मिळाली, बोलायला मात्र कोणी मिळालं नाही. मधल्या सुट्टीत ती एकटीच डबा उघडून बसायची. एके दिवशी दारात कावेरी येऊन उभी राहिली. बराच वेळ चुळबुळली.

“बाई, तुम्हाला इथे करमतं का?”

हे कुणीच लिहून दिलं नव्हतं. रेवतीने डबा तिच्यापुढे सरकवला.