पिलांवरचा मासा

"मारला नाही ना मी, बाबा? मग आता छडी माझी ना?"

विश्वास ढोमणेने भरलेली बादली फकिरापुढे ठेवली. आत हातभर लांबीचा मरळ मासा अंग वळवून कसाबसा मावला होता.

नजमूशहा फकीर तलावाच्या पाळीवर राहायचे. गळाला पिसं बांधून नकली किडा करायचा आणि लांब दोरीनं तो पाण्यावर अलगद टाकायचा, ही विद्या विश्वास त्यांच्याकडेच शिकला. हात चांगला होता. गर्व हातापेक्षा मोठा. बाबांनी त्याला शब्द दिला होता, मोठा मासा धरशील आणि जीव घेणार नाहीस, त्या दिवशी माझी गळाची बांबूची छडी तुझी. त्या छडीपायी त्याला झोप नव्हती.

"गळ बघा. उलटा काटा घासून टाकला. ओठाला ओरखडा नाही. तुम्हाला दाखवला की सोडतोच."

"कुठं लागला गा?"

"त्या पळसाखाली. पाणी तांबडं दिसत होतं. पिलं, बाबा! नुसती वळवळ. बरोबर मधोमध पीस टाकलं. भूक नव्हतीच त्याले. पिलांवर कोण आलं म्हणून रागानं तुटून पडला!"

स्वतःच्या हुशारीचं त्याला हसू आवरेना.

बाबा हसले नाहीत.

"कधी?"

"सकाळी. तुम्ही गावात गेले होते, म्हणून बादली घेऊन बसून राहिलो."

भाद्रपदाचं ऊन डोक्यावर आलं होतं.

"चल," बाबा म्हणाले. छडी घेऊन ते पुढे निघाले.

पळसाखालचं पाणी स्वच्छ होतं. तांबडं कुठेच काही नव्हतं. काठाशी दुसरेच मासे सुस्त फिरत होते, पोटं टम्म फुगलेली.

"असतील इकडंच कुठं..." विश्वास म्हणाला.

बाबांनी छडीचं टोक त्या फुगलेल्या पोटांकडे केलं.

त्यानं बादली हळूच कलती केली. मासा पाण्यात गेला. खोल पाण्याकडे वळलाच नाही. पळसाखाली आला, एक फेरी मारली. लव्हाळ्यात शिरला, बाहेर आला, पुन्हा तिथेच फेरी. पुन्हा...

फार वाईट दिसत होतं ते.

बाबांनी छडी विश्वासच्या हातात ठेवली.

"शब्द होता माझा."

त्याला ती धरवेना. इतकी वर्षं जिच्यासाठी झुरला, ती छडी हातात होती आणि बोटं मिटत नव्हती.

"पण बाबा... जिवंत तर आहे ना तो?"

फकीर पाण्याकडे बघत होते.

"आहे ना. म्हणूनच तं शोधून राह्यला."