खड्डामागाचा सूर

एकदा एका विणकराच्या लेकीने ठरवले की आपण संगीत रचायचे, आणि तेही संगणकावर. नाव हवेच असेल तर तिला शालन म्हणा. वय चाळिशीच्या पुढे, नोकरी तालुक्याच्या पोस्टात. संगीताशी संबंध म्हणाल, तर शाळेत समूहगानाच्या वेळी बाईंनी तिला मागच्या रांगेत उभे करून सांगितले होते, "तू नुसते ओठ हलव." ही आज्ञा तिने इतक्या इमानाने पाळली की घरच्या आरतीतही तिचे ओठ तेवढे हलत.

अशा बाईला हे खूळ सुचण्याला कारण होते. तिचे वडील, आबा, जन्मभर खड्डामागावर लुगडी विणत आले. या मागात विणकर जमिनीवरच बसतो, पाय समोर खणलेल्या खड्ड्यात सोडतो, पायांनी पावड्या दाबतो आणि हाताने आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे धाडतो. आता आबांची नजर मंदावली होती आणि मागाच्या लाकडात वाळवी शिरली होती. दिवाळीनंतर माग उतरवायचा आणि खड्डा बुजवायचा, असे घरात ठरले. आबा "बरं" म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांनी बोलणे जवळजवळ सोडलेच. मागावर उरलेला उभ्या धाग्यांचा ताणा त्यांनी चाचपडत विणून संपवला, तेव्हा शालनने तो आवाज फोनमध्ये भरून घेतला. माग गेल्यावर घर मुके होईल, तेव्हा या आवाजाचे काहीतरी करून आबांना ऐकवावे, एवढीच तिची इच्छा होती.

तिने संगणकात संगीताचा प्रोग्राम घेतला आणि गांगरली. पडद्यावर शेकडो कळा, आणि प्रत्येक कळेखाली नवे दालन. सतारी, व्हायोलिने, नगारे, समुद्राच्या लाटा, सगळे तयार. शिवाय इंटरनेटवर उंटावरून शेळ्या हाकणारे काही कमी नाहीत. एकाने सांगितले की आधी ढोल टाका, दुसऱ्याने सांगितले की ढोलाखाली खर्जाचा घुमारा टाका, तिसऱ्याने त्यावर चमक मारायला सांगितली. शालनने सगळ्यांचे ऐकले. एकावर एक थर चढत गेले, आणि शेवटी जे तयार झाले ते एखाद्या मोबाईलच्या जाहिरातीसारखे वाजू लागले. माग त्यात कुठे होता ते तिलाही सापडेना. मग तिने हेडफोन बदलले, प्रोग्राम बदलला, तरी काही जमेना. नाचता येईना अंगण वाकडे, असे स्वतःलाच म्हणून ती एका संध्याकाळी रडली.

गावाबाहेर तलावाच्या काठी एक वृद्ध राहत. विजेच्या वाद्यांमध्ये त्यांचे आयुष्य गेले होते. लोक त्यांना गुरुजी म्हणत, ते स्वतःला रिकामटेकडा म्हणत. शालन संगणक घेऊन त्यांच्याकडे गेली आणि आपली रचना ऐकवली.

गुरुजींनी ती डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली. मग विचारले, "यात तुझं काय आहे?"

"एक माग आहे गुरुजी. माझ्या वडिलांचा. खाली कुठेतरी दबलाय."

गुरुजींनी माउस हातात घेतला आणि एकेक थर बंद करत गेले. ढोल गेला, घुमारा गेला, व्हायोलिने गेली. इतक्या दिवसांची मेहनत अशी डोळ्यांदेखत जाताना पाहूनही शालनने त्यांना अडवले नाही. उरला तो फक्त माग. खट... खट... खट. गुरुजी तेवढ्यावरही थांबले नाहीत. त्यांनी त्यातला एकच ठोका कापून वेगळा ठेवला आणि बाकीचा मागही पुसून टाकला.

आता मात्र तिच्याने राहवेना. "गुरुजी, एका ठोक्याचं मी काय करू? संगीताला सूर लागतो. तो माझ्यात नाही. शाळेतच सांगितलंय मला."

गुरुजींनी तो ठोका पुन्हा पुन्हा वाजत राहील असा लावला आणि संगणकाला जोडलेली एक लहानशी डबी तिच्यापुढे सरकवली. डबीवर एक गोल बटण होते.

"हे फिरव. सावकाश. घाई करशील तर हुकेल."

शालनने बटण फिरवले. ठोके जवळ येऊ लागले. आधी आबांच्या चालीने, मग आबा तरुणपणी विणत त्या चालीने, मग कोणत्याही माणसाला विणता येणार नाही इतक्या वेगाने. खटखट संपून तडतड सुरू झाली. तडतडीची घरघर झाली. एकेक ठोका वेगळा काढायला तिचा कान धडपडत होता आणि मागे पडत होता.

"थांबू नकोस," गुरुजी म्हणाले.

तिने बटण आणखी थोडे फिरवले, आणि कानाने हात टेकले. त्याच क्षणी ठोके नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी एक स्वर उभा राहिला. खोल, अखंड, थोडा खरखरीत, जुन्या लाकडाचा वास यावा असा. कोणी वाद्य आणले नव्हते, कोणी तार छेडली नव्हती. तोच ठोका होता, त्यात बाहेरून काहीही मिसळलेले नव्हते. बटण पुढे सरकले की स्वर चढे, मागे आले की उतरे. शालनच्या अंगावर काटा आला. खरे सांगतो, हे मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझ्याही आला होता, आणि लिहितानाही येतो आहे.

मग आणखी एक गोष्ट घडली. त्या खोलीत दुसराही एक आवाज येऊ लागला, बारीक, चाचरत, पण त्याच स्वराला धरून. तो आपल्याच गळ्यातून येतो आहे हे शालनला जरा उशिरा कळले. कळताच तिने तोंडावर हात ठेवला.

"काढ तो हात," गुरुजी म्हणाले. मग ते शांतपणे बोलू लागले. "लय वेगळी आणि सूर वेगळा, असं आपण धरून चालतो. सोयीसाठी ते ठीक आहे. पण ठोके पुरेसे जवळ आले की कान ते मोजायचं सोडून देतो, आणि जे ऐकू येतं त्याला आपण सूर म्हणतो. तुझ्या वडिलांच्या मागाजवळ तू लहानाची मोठी झालीस ना? मग तू जन्मभर सुरातच बसली होतीस, बाळ. तो फक्त सावकाश चालला होता, आणि आपला कान उतावळा आहे. या यंत्राचा खरा उपयोग हा, की ते काळ लांबवतं आणि आवळतं, आणि जे आधीपासून होतं ते दाखवतं. दुसऱ्याची व्हायोलिनं तुला केव्हाही मिळतील. आधी हातातली वस्तू नीट ऐक."

शालनने तो ठोका संगणकात जपून ठेवला. मग तिने विचारले, "सुरुवात झाली म्हणायची का गुरुजी?"

"झाली की. आता शेवटाची काळजी कर."

"शेवट कसा करू?"

"जिथून सूर आणलास, तिथे त्याला नेऊन सोड," गुरुजी म्हणाले आणि चहाचे आधण ठेवायला उठले.

ती घरी आली आणि रोज पोस्टातून परतल्यावर कामाला बसू लागली. ठोक्यातून तिने स्वर काढले, उंच आणि खोल. फोनमधल्या मूळ आवाजातली धोट्याची सळसळ ताणून लांब केली तेव्हा ती झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी झाली. पावडीच्या करकरीतून तिला एक विचित्र गोड आवाज सापडला, तेव्हा ती एकटीच हसली. बाहेरचे तिने काही घेतले नाही. रचना लहानच झाली, कच्चीही होती, पण तिच्यात सगळीकडे माग होता.

दिवाळी झाली आणि सुतार आला. दुपारपर्यंत माग उतरून अंगणात लाकडांची रास झाली. खोलीत उरला नुसता खड्डा. आबा कोणाला न विचारता जाऊन आपल्या जागी बसले आणि पाय खड्ड्यात सोडले. जेवायला बोलावले तरी उठले नाहीत.

शालनने स्पीकर त्यांच्याजवळ ठेवला. "आबा, एक ऐकता का?"

आबांनी मान हलवली. तिने रचना लावली. खोली त्या खोल स्वराने भरली, त्यावर दुसरा चढला, त्यांतून तो लांब श्वास वाहू लागला. आबा ऐकत होते, पण चेहऱ्यावर ओळख नव्हती. कुठल्याशा देवळातले काहीतरी असेल असे समजून ते हात जोडून बसले. सगळे व्यर्थ गेले असे शालनला वाटले.

मग शेवट आला. स्वर उतरू लागला. उतरता उतरता तो भरडा झाला, त्याची घरघर झाली, घरघरीला भेगा पडल्या आणि भेगांतून ठोके दिसू लागले. तडतड, मग खटखट, मग त्याहून सावकाश. खट... खट... खट. आबांच्या चालीने.

आबांचे जोडलेले हात सुटले. त्यांनी मान एका बाजूला कलती केली. आणि खाली, त्या रिकाम्या खड्ड्यात, त्यांचे पाय हलू लागले. डावा, उजवा, डावा, उजवा. तिथे पावड्या नव्हत्या, तरी एकही ठोका चुकत नव्हता. हातही उचलला गेला आणि नसलेला धोटा इकडून तिकडे धाडू लागला. शालन भिंतीला टेकून उभी होती. आपल्या हातून हे झाले यावर तिचा विश्वास बसत नव्हता.

ठोके विरत गेले आणि थांबले. त्यांच्यासोबत आबांचे पायही थांबले.

"त्यो आधीचा आवाज," आबा म्हणाले, "त्यो बी आपलाच माग व्हता?"

"तोच होता आबा. नुसता भरभर चालला होता."

आबांनी हे मनात घोळवले. खड्ड्याच्या कडेवरून त्यांनी हात फिरवला, विणून झालेल्या कापडावरून फिरवतात तसा.

"येकबी धागा तुटला न्हाई," ते म्हणाले. मग लेकीकडे हात पुढे केला. "उठीव मला. जेवून घिऊ. उद्या बुजवा खड्डा."

वाचकहो, सुरुवात कोठून करावी असे कोणी विचारले, तर त्याला एवढेच सांगावे की घरात ज्या खडखडाटाची सवय झाली आहे, तो आधी एकदा कान देऊन ऐक.