येसाक्का आणि पहिलं पिवळं दूध

फार फार वर्षांपूर्वीची, आपल्या पणजीची पणजी पाळण्यात होती तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याच्या कुसरवाडीत बाळ जन्मलं की घरात आनंदाआधी भीती शिरायची. पाचवी पुजायच्या आतच बाळं दगावायची. पोट फुगायचं, रडणं बारीक होत जायचं आणि थांबायचं. सटवाई नेते, असं लोक म्हणत.

गावची सुईण येसाक्का. बाळंतिणीचं पहिलं दाट, पिवळं दूध म्हणजे नऊ महिने अंगात साचलेलं विष, असं तिला तिच्या सासूने शिकवलेलं. म्हणून ती ते पिळून मातीत गाडायची आणि तीन दिवस बाळाच्या तोंडात गुळाच्या पाण्याचा बोळा धरायची.

तिची लेक अनसा. अनसाची दोन बाळं अशीच गेली होती. तिसऱ्या खेपेला अनसा मोकळी झाली आणि त्याच सकाळी गोठ्यात गाय व्याली. वासरू धडपडत उठलं ते थेट सडाला लागलं. चीक, म्हणजे गायीचं पहिलं पिवळं दूध, न मिळालेलं वासरू जगत नाही, हे तर गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं. येसाक्का बघत राहिली आणि तिच्या हातातला बोळा गळून पडला. असं म्हणतात, की त्या घडीला तिला स्वतःच्याच हातांची भीती वाटली.

तिने बाळ उचलून अनसाच्या छातीशी लावलं.

"आये, इख हाय न्हवं त्ये?" अनसा रडायला लागली.

दारातून तिची सासू कोंडाबाई म्हणाली, "विहीणबाई, नातवाला कायबी झालं तर गावात ऱ्हाऊ देनार न्हाई."

"झालं तर मीच ऱ्हानार न्हाई," येसाक्का म्हणाली.

चौथ्या दिवशी भर दुपारी बाळाचं रडणं एकदम थांबलं. कोंडाबाईने कुदळ काढली. इतकी बाळं हाताळलेली येसाक्का, पण तिला पुढे होववेना. शेवटी तिने बाळाच्या नाकाशी बोट धरलं. बाळाने ते तोंडात घेतलं आणि चोखू लागलं. पोट भरून झोपलं होतं ते. असं म्हणतात, की बाळाच्या श्वासाला ताज्या दह्याचा वास येत होता आणि त्या वासाने सटवाई उंबऱ्यावरूनच मागे फिरली.

"पयल्या दुधात इरजान असतंय," येसाक्का पुढे बायकांना सांगायची, "आन् त्या इरजानाला खायाला साखरबी त्यातच. लेकराच्या पोटात आदी त्ये लागाय पायजे."

पुढची बाळं जगू लागली तसा गाव तिच्या पाया पडायला आला. तिने कुणाला पडू दिलं नाही. ज्या ज्या घरातलं बाळ गेलं होतं, त्या दारात जाऊन ती म्हणाली, "सटवाईनं न्हाई, माज्या हातानं गेलं." अकरा दारं झाली. त्यानंतर ती कुणाला दिसली नाही. डोंगराने तिला पोटात घेतलं, असं म्हणतात.

रिकामा पाळणा हलवायला सगळा मुलूख भितो. कुसरवाडीत मात्र बारशाला आधी रिकाम्या पाळण्याला अकरा झोके देतात. तेव्हा कुणी गात नाही. बाळाला छातीशी घट्ट धरून आई बाजूला उभी असते, आणि अकरावा झोका थांबेपर्यंत ती बाळाला कुणाच्याही हातात देत नाही.