तुळजापूरचा ढग

सगळी चूक नरसय्या यन्नम मास्तरांची होती. सोलापूरला खोटं आकाश लावलं ते त्यांनीच.

“हा एकच ढग किती फोटोंत घातलाय तुम्ही?” रेवणनं विचारलं. मास्तरांनी बस म्हणायच्या आत विचारलं.

मास्तर खिडकीशी बसून लेन्स पुसत होते. पुसत राहिले.

रेवणसिद्ध बिराजदार, वय बावीस. इंजिनिअरिंग तिसऱ्या सेमिस्टरला सोडलेलं. का सोडलं हे विचारायच्या आधी घरच्यांनी लोकांना काय सांगायचं ते ठरवलं होतं. तेव्हापासून तो मास्तरांच्या स्टुडिओत शिकत होता. दोन वर्षं मास्तरांनी त्याच्या डोक्यात एकच गोष्ट भरली. फोटोतल्या आकाशाला हात लावायचा नाही. मळकट असेल तर मळकटच ठेव.

आणि त्यानं ऐकलं होतं. आयुष्यात कुणा मोठ्या माणसाचं त्यानं ऐकलं असेल तर एवढंच.

त्यानं तीन जुनी कॅलेंडरं टेबलावर टाकली. अडुसष्ट, चौऱ्याहत्तर, एकोणऐंशी. तिन्हींवर गच्चीवरून दिसणारं शहर, मधोमध मिलची चिमणी, आणि चिमणीच्या डोक्यावर बसलेल्या बैलासारखा पांढराशुभ्र ढग. वशिंड, शिंगं, सगळं.

“अकरा वर्षं हा बैल इथंच बसलाय,” रेवण म्हणाला. “चरायलासुद्धा उठला नाही.”

मास्तरांच्या मिश्या हलल्या. हसले की काय, कळलं नाही.

“कुठं सापडली?”

“वाचनालयातनं तासाभरासाठी मागून आणली. शहराच्या फोटोंचं प्रदर्शन आहे ना. तुमची कॅलेंडरं भिंतीवर लावलीत. म्हातारी मंडळी पुढं उभी राहून उसासे टाकतात. पूर्वी आपल्याकडं आकाश कसं असायचं बघ, म्हणतात. एकाच्या तर डोळ्यांत पाणी. तो ढग यातल्या एकाच्याही डोक्यावर कधी आला नव्हता, मास्तर. आणि रडतायत.”

मास्तरांनी लेन्सवर फुंकर मारली.

“बोला की.”

“तुळजापूरचा आहे,” मास्तर म्हणाले. “घाटात मिळाला. यष्टी बंद पडली होती.”

भांडायच्या तयारीनं आलेल्या माणसाला असं उत्तर मिळालं की त्याची पंचाईत होते. रेवणनं खिशातनं मोबाइल काढला आणि मास्तरांच्या नाकासमोर धरला.

“मग हे बघा. मीही लावलं.”

तीच गच्ची, तीच चिमणी. गेल्या महिन्यात चिमणी पाडली, त्याच्या आदल्या संध्याकाळचा फोटो. मागं केशरी-जांभळं आकाश, लग्नाच्या मांडवासारखं.

“हा मोठा करून लावणार आहेत. पाच वाजता द्यायचाय. वाचनालयाचे अध्यक्ष काय म्हणाले माहितीय? अगदी पूर्वीसारखं आकाश.”

मास्तरांनी चष्मा वर सरकवून बघितलं.

“हे कुठलं?”

“अ‍ॅपमधलं.”

“कुठल्या गावचं?”

“काय माहीत. अमेरिकेचं असेल.”

“माझा निदान यष्टीच्या वाटेवरचा होता.”

“चेष्टा नका करू. तुम्ही केलं तर कला, आणि मी केलं की पाप?”

“कला कोण म्हणालं?”

रेवणनं मोबाइल खाली घेतला.

“खालचं कुठाय?” मास्तरांनी विचारलं.

“काय खालचं?”

“तुझं आकाश. मळकं.”

“कॅमेऱ्याच्या कार्डात आहे.” रेवणनं शर्टाच्या खिशावर टिचकी मारली. “पुसणार आत्ता. उद्या बारशाचं काम आहे आणि कार्ड एकच आहे माझ्याकडं. ठेवून करायचं काय? नुसता राखाडी पडदा आहे. चिमणी कुठं संपते नि आकाश कुठं सुरू होतं तेही कळत नाही.”

मास्तर उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, टप्प्याटप्प्यानं. कपाटातनं बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात एकच पाकीट वेगळं ठेवलेलं होतं. पाकिटातली निगेटिव्ह त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली.

खाली शहर, उलट्या रंगांत. वर सगळा लाल रंग थापलेला.

“आकाश असं बुजवायचं,” ते म्हणाले. “बारीक कुंचल्यानं. पत्रे, गच्च्या, चिमणी, सगळ्यांच्या कडेकडेनं. बुजवलं की कागदावर तेवढी जागा कोरी येते. त्या कोऱ्या जागेत ढग छापायचा.”

“आणि या रंगाखाली काय आहे?”

“धूर.”

“मिलचा?”

“कॅलेंडर छापून घेणारा कापडवाला म्हणाला, आकाश मळकट दिसतंय. मलाही तसंच वाटत होतं. मी बावीस वर्षांचा होतो.”

मास्तर निगेटिव्ह तशीच धरून होते, पण बघत होते खिडकीबाहेर, जिथं आता काही नव्हतं तिथं.

“अम्मा उठली की आधी दारात येऊन धूर बघायची. धूर सरळ वर गेला की म्हणायची, आज पापड वाळतील. किल्ल्याकडं झुकला की दोरीवरचं धुणं आत. काजळी बसायची. रोज शिव्या घालायची धुराला. आणि एखाद्या दिवशी धूर दिसला नाही, तर चूल पेटवायच्या आधी शेजारी विचारून यायची, काय झालं म्हणून. परगावाहून येताना दहा मैलांवरनं दिसायचा. यष्टीतली माणसं चपला शोधायला लागायची. आलं गाव.”

“तुमचे वडील मिलमध्ये होते ना?”

“बॉयलरवर. तो धूर आमच्या नायनांचाच होता.”

घरात ते वडिलांना नायना म्हणत. बाहेरच्या माणसासमोर हा शब्द त्यांच्या तोंडून रेवणनं पहिल्यांदा ऐकला.

“पहिलं कॅलेंडर छापून आलं तेव्हा मी पळत घरी गेलो. नायनांनी धोतराला हात पुसले, मग घेतलं. लई वेळ बघितलं.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले... त्या दिवशी मिल बंद होती काय रे?”

रस्त्यावर कुणीतरी रिक्षा चालू करत होतं. तीनदा प्रयत्न केला, चौथ्यांदा लागली.

रेवणच्या डोक्यातला राग अजून पुरता उतरला नव्हता. या लोकांचं हे नेहमीचंच. आधी करून बसायचं, मग पन्नास वर्षांनी खिडकीबाहेर बघायचं.

“त्यानंतरही अकरा वर्षं केलंत की.”

“केलं. लोकांना आवडायचं.”

“एकदा तरी धुरासकट काढायचा होता, नायनांसाठी.”

“पुढच्या वर्षी काढू म्हटलं. दर वर्षी म्हटलं. मग ऐंशी साली मिल बंद पडली. चार महिन्यांनी नायना गेले.”

“अहो, मग धुवा की ही,” रेवण म्हणाला. त्याचा आवाज आपोआप खाली आला होता. “रंग वरनं लावलेला आहे. पाण्यानं निघेल. खाली धूर असेलच.”

मास्तरांनी त्याच्याकडं पाहिलं.

मग कोपऱ्यातलं स्टीलचं तसराळं घेतलं, माठातलं पाणी ओतलं आणि निगेटिव्ह त्यात सोडली. अंगठ्यानं हलक्या हातानं चोळायला लागले.

पाणी गुलाबी झालं. मग लाल. रंग सुटत होता.

“बघा,” रेवण म्हणाला. “येतंय की.”

अंगठा फिरत राहिला. लाल गेलं, खालचं काळं दिसलं, त्यात एक फिकट तिरकी रेघ. क्षणभर दिसली. चिमणीतून निघालेली, किल्ल्याकडं झुकलेली. रेवण पुढं वाकला.

आणि दुधावरची साय सरकावी तसं ते सगळं अंगठ्याखाली सरकलं आणि पाण्यात विरघळलं.

मास्तरांनी निगेटिव्ह उजेडात धरली. खाली शहर होतं. वर काहीच नव्हतं. आरपार खिडकी दिसत होती.

“... बाकीच्या?”

“धुतल्या.”

“सगळ्या?”

“नायना गेले त्या वर्षी सुरुवात केली. रंग जुना झाला की खालच्याला धरून बसतो, निघताना त्यालाही घेऊन जातो. प्रत्येक वेळी वाटायचं, या वेळी निघेल. ही एक ठेवली होती. तशीच.”

“मग आत्ता कशाला...” रेवण थांबला. “मी म्हटलं म्हणून?”

मास्तर धोतराला हात पुसत होते. एक एक बोट.

रेवणचा हात शर्टाच्या खिशावर गेला होता. कार्ड आहे की नाही ते तो कापडावरून चाचपत होता. घड्याळात पावणेपाच झाले होते.

“मास्तर...”

“मिलचे अडतीस फोटो आहेत माझ्याकडं, रेवण,” मास्तर म्हणाले. “एकातही ती चालू नाही.”